पहिलं सिझर झालंय आणि आता नॉर्मल हवंय? आधी एवढं करा

दुसऱ्या वेळी नॉर्मलच करायचं असं मनाशी ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितेय. मीही तेच ठरवलं होतं, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते.

पहिलं काम म्हणजे जुनी फाईल शोधा. माझी माहेरी कपाटात साड्यांखाली सापडली. डिस्चार्ज कार्डावर एलएससीएस लिहिलेलं असेल तर छेद गर्भपिशवीच्या खालच्या भागात घेतलाय, बहुतेक वेळा तो आडवाच असतो, तरी डॉक्टरांना ऑपरेशनच्या नोट्स दाखवाच, कारण पोटावर टाके आडवे दिसतात म्हणून आतला छेदही आडवाच असं नसतं. वरच्या भागात उभा छेद असेल तर कळा येऊ देणं धोक्याचं, तिथे हट्ट करूच नका. पहिलं सिझर कशामुळे झालं तेही बघा, बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर यावेळी चान्स चांगला असतो.

आता धोका. एकच आडवा छेद असेल तर साधारण 200 बायकांत एकीची पिशवी कळांमध्ये जुन्या टाक्यावर फाटते. आकडा छोटा वाटतो, पण फाटली तर बाळाचा ऑक्सिजन काही मिनिटांत कमी होतो, आईला आतल्या आत रक्तस्राव होतो, कधीकधी पिशवी काढावी लागते. प्रयत्न करणाऱ्या चारपैकी जवळपास तिघींचं नॉर्मल होतं, पण जिचं नाही होत तिला कळा सोसून वर इमर्जन्सी सिझर, आणि त्यात इन्फेक्शनचा धोका ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल किंवा औषध देऊन कळा आणल्या तर टाका फाटायची भीती वाढते, कळा आणायची मिसोप्रोस्टॉलची गोळी तर अशा केसमध्ये नकोच. वार (प्लासेंटा) जुन्या टाक्यावर बसलीय का हे सोनोग्राफीत नक्की बघून घ्या.

आणि हॉस्पिटल. यावर मी सगळ्यात जास्त भांडेन. "नॉर्मल करता का" हे विचारू नका, "रात्री दोन वाजता गडबड झाली तर किती मिनिटांत बाळ बाहेर काढाल" हे विचारा. घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये मला सांगितलं, भूलतज्ज्ञांना फोन केला की येतात. कुठून? भिवंडीहून. माजिवड्याचं ट्रॅफिक माहितीये ना? मी तिथून उठले आणि जिथे भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि रक्त चोवीस तास हाताशी आहे तिथे नाव घातलं. पिशवीचं तोंड सात सेंटीमीटर उघडलं आणि बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, पोटावर ठोके दाखवणारा पट्टा लावलेला होता म्हणून लगेच कळलं, वीस मिनिटांत मुलगी माझ्या गालाला लागली होती. सिझरच झालं. रडले, पण ती रडत होती ना माझ्याबरोबर, मला तेवढं पुरे होतं.

कळा सुरू झाल्या की "अजून लांब आहेत" म्हणत घरी बसू नका, निघा. दोन कळांच्या मधेही टाक्याजवळ दुखणं थांबत नसेल, रक्त जात असेल, कळा एकदम बंद पडल्या किंवा चक्कर आली तर नर्स राउंडला यायची वाट बघायची नाही, नवऱ्याला, सासूबाईंना, जो जवळ असेल त्याला ओरडून डॉक्टरांना बोलवायला सांगा. घरी असताना झालं तर 108 लावा. आणि ती जुनी फाईल बॅगेत सगळ्यात वर ठेवा, बाळाच्या कपड्यांखाली नाही.