घरात म्हातारं माणूस सांभाळताय? आधी रात्रीचं बघा

घरातलं कुणी थकलं की सगळे पहिले औषधांचा डबा आणि डाएट घेऊन बसतात. मी म्हणते आधी पलंग ते बाथरूम हा रस्ता बघा, कारण रात्रीचं धडपडणं तिथेच होतं आणि एकदा खुब्याचं हाड मोडलं की चालतंफिरतं माणूस अंथरुणाला खिळू शकतं.

एका रात्री लाईट न लावता, त्यांच्याच उंचीवरून, पलंगावरून उठून तो रस्ता स्वतः चालून बघा. पायपुसणं सरकतं का, चार्जरची वायर पायात येते का, बटण झोपल्या जागेवरून हाताला लागतं का. सुटी पायपुसणी सरळ काढून टाका, नाईट लॅम्प लावा. कमोडजवळ भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला ग्रॅब बार हवाच, टॉवेलच्या रॉडवर भरवसा नको, तो माणसाचं वजन पेलायला बनवलेलाच नसतो, आमच्याकडे तो बाबांच्या हातातच निघून आला, नशीब मी मागे उभी होते.

झोपेतून उठल्यावर लगेच उभं करायचं नाही. एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, वयामुळे बीपी पटकन सावरत नाही आणि डोळ्यापुढे अंधारी येते. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवा, घोटे वरखाली हलवायला लावा, मग उभं. घरी बीपीचं मशीन असेल तर एकदा आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी मोजा, वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. बीपीची, प्रोस्टेटची किंवा झोपेची गोळी कारण असू शकते, पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

खुर्चीतून उठवताना काखेत हात घालून ओढू नका, त्यांचा खांदा जातो आणि तुमची कंबर. त्यांना कडेपर्यंत पुढे सरकू द्या, पाय जरा मागे घ्यायला सांगा, चांगलं पुढे वाकून हातांनी खुर्चीचे दांडे दाबत त्यांनीच उठायचं, आपण नुसता बाजूने आधार द्यायचा. हेच बाकीच्या कामांचं पण, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागली तरी लावू द्या (हे लिहायला सोपं आहे, सकाळच्या घाईत माझाही हात पुढे जायचाच).

जे अंथरुणातच असतात त्यांची साधारण दर 2 तासांनी कूस बदला. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, तिथे चोळायचं बिलकुल नाही, तिथला दाब काढा आणि नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. टाचांसाठी पोटरीखाली उशी ठेवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

एक गोष्ट मात्र कधीच वयावर ढकलू नका. कालपर्यंत नीट असलेलं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं किंवा दिवसभर गुंगीत राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. युरिन इन्फेक्शन, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, काहीही असू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडं बोलणं असं काही दिसलं तर तो स्ट्रोक (मेंदूचा झटका) असू शकतो, अँब्युलन्सच बोलवा, आणि शेवटचे नीट कधी होते ती वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

आता तुमचं. भावंडांना "जरा मदत करा" म्हणून काही होत नाही, सगळे हो म्हणतात आणि कोणी येत नाही. "रविवारी 10 ते 2 तू बस, मी बाहेर" असं घड्याळ लावून सांगा. जो लांब राहतो त्याच्या गळ्यात गोळ्या मागवणं, बिलं, अपॉइंटमेंट घाला. आणि औषधांच्या वेळा, पॅड कुठे, डॉक्टरांचा नंबर, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा म्हणजे "मला काही माहीत नाही" ही सबब उरत नाही.

पहिल्या रविवारी मी चारही तास जिन्यात बसून काढले, आतून हाक येते का ऐकत. दुसऱ्या रविवारी मैत्रिणीकडे जाऊन झोपले.