लिनक्स अडलं तर कुठे विचारायचं आणि बातम्या कुठून घ्यायच्या

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि विंडोज ११ न पेलणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप मिंट, उबुंटू किंवा फेडोरा अशा लिनक्सच्या डिस्ट्रोंवर, म्हणजे तयार रूपांवर, गेले. बसवून देणारा भाचा नोकरीसाठी बंगळुरूला जातो आणि एके दिवशी आवाज बंद होतो किंवा वायफाय दिसेनासं होतं. अशा वेळी मदत करणारे पुष्कळ आहेत, आणि ते पैसे न घेता मनापासून मदत करतात. पण मशीन तुमच्यापुढे आहे, त्यांच्यापुढे नाही. म्हणून आपल्याकडे नेमकं काय चालू आहे ते टिपून ठेवणं हे पहिलं काम. कोणती बातमी आपल्या कामाची आणि कोणती नाही, हेही त्याच टिपणावरून ठरतं.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा.

विचारण्याआधी

डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, डेस्कटॉप, कर्नल (सिस्टिमचा गाभा), ग्राफिक कार्ड, वायफाय चिप, इतकी माहिती लागतेच. ती बहुतेक सगळी इन्क्सी या एका आज्ञेत मिळते. मिंटमध्ये ती आधीपासून असते, इतरत्र त्याच नावाचं पॅकेज टाकावं लागतं. आज्ञेपुढे जागा सोडून आडवी रेघ, मग कॅपिटल एफ, स्मॉल एक्स आणि स्मॉल झेड लिहा. तो झेड विसरू नका. मॅक आणि आयपी पत्त्यांसारखी खासगी माहिती तोच झाकतो.

मशीन गोठलं आणि बटण दाबून बंद करावं लागलं, तर पुन्हा सुरू केल्याबरोबर 'जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर' चालवा. '-बी -१' म्हणजे आधीच्या वेळचं बूट, आणि '-पी ईआरआर' म्हणजे फक्त चुका आणि त्याहून गंभीर नोंदी. लाल ओळी पाहून घाबरू नका, ठणठणीत मशीनमध्येही एसीपीआय किंवा ब्लूटूथच्या चार-दोन चुका असतात. बिघाड झाला ती वेळ लिहून ठेवली असेल तर त्या मिनिटाच्या आसपासच्या ओळी पुरतात. हजार ओळी चिकटवल्या तर कुणी वाचत नाही.

डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल तर चूक दाखवणारा संदेशही मराठीत येऊ शकतो, आणि तो शोधून काही सापडत नाही. तीच आज्ञा पुन्हा चालवताना तिच्याआधी, त्याच ओळीत, 'एलसी_ऑल=सी' असं कॅपिटलमध्ये लिहा. संदेश इंग्रजीत येईल आणि बाकी भाषेला धक्का लागणार नाही. तो मजकूर म्हणून कॉपी करा. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवला, तर समोरच्याला एकेक अक्षर हाताने टाईप करावं लागतं.

कर्नल अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडून पाहा. जुन्यावर चालतं आणि नव्यावर नाही, एवढं एक वाक्य तासभराची विचारपूस वाचवतं. हार्डवेअरचा संशय असेल तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर त्याच डिस्ट्रोची नवी आवृत्ती घेऊन लाइव्ह, म्हणजे काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून, सुरू करा. तिथे सगळं चालत असेल तर दोष मशीनचा नसून तुमच्या बसवलेल्या सिस्टिमचा आहे.

वस्तूच्या नावापेक्षा चिपचं नाव महत्त्वाचं. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन वायफाय डोंगल घेताना हे विशेष लक्षात ठेवा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनची पहिली आवृत्ती अ‍ॅथेरॉस चिपची होती आणि लिनक्सवर लावताच चालायची. पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेक चिप आली आणि त्याच नावाच्या वस्तूची कहाणी बदलली. 'एलएसयूएसबी' चालवल्यावर कोलनच्या दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरं असलेला आयडी दिसतो, शोध त्यावर घ्या. लॅपटॉपच्या आतल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय -एनएनके' वापरा. कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही त्यात कळतं. प्रिंटरचंही असंच. एचपीच्या बहुतेक मॉडेलना एचपीलिप हे ड्रायव्हरचं पॅकेज पुरतं. कॅनन एलबीपी२९०० मात्र कॅननची स्वतःची कॅप्ट भाषाच समजतो, त्यामुळे त्याला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. प्रश्न विचारताना मॉडेल नंबर पूर्ण लिहा.

मराठी अक्षरांची तक्रार

ही तक्रार आपल्याखेरीज दुसरं कुणी नीट नोंदवणार नाही, म्हणून इथे थोडं थांबू. 'दुसऱ्या' हा शब्द 'दुसर्या' असा दिसला तर आधी टायपिंग तपासा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये साधा र जे या कळीवर आहे, आणि ऱ शिफ्ट धरून त्याच कळीवर. साधा र वापरला की रफारच उमटणार, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

टायपिंग बरोबर असूनही जोडाक्षर फुटत असेल तर तोच मजकूर लोहित देवनागरी आणि नोटो सान्स देवनागरी अशा दोन फॉन्टमध्ये पाहा. एकाच फॉन्टमध्ये बिघडत असेल तर दोष फॉन्टचा. सगळ्या फॉन्टमध्ये, पण फक्त एकाच अ‍ॅपमध्ये बिघडत असेल तर त्या अ‍ॅपचा. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स दोन्ही अक्षरं जुळवायला हार्फबझच वापरतात, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच फुटत असेल तर फॉन्ट किंवा हार्फबझकडे बोट जातं. तक्रारीत मूळ मजकूर, स्क्रीनशॉट आणि 'कसं दिसायला हवं' याचं चित्र, असं तिन्ही द्या. तपासणाऱ्याला देवनागरी येत असेलच असं नाही.

कुठे विचारायचं

आधी मशीनमधलंच वाचा. 'मॅन' आणि पुढे आज्ञेचं नाव लिहिलं की तुमच्याच आवृत्तीची माहिती मिळते. नेटवरच्या लेखाबद्दल ही खात्री नसते. त्यानंतर आर्च विकी, म्हणजे आर्च या डिस्ट्रोचं माहितीचं संकेतस्थळ. तुम्ही आर्च वापरत नसलात तरी ध्वनी, प्रिंटर, ब्लूटूथ कसे चालतात हे तिथे उत्तम समजावलेलं आहे. फक्त पॅकेजची नावं आणि ती टाकण्याच्या आज्ञा आपल्या डिस्ट्रोच्या वापरा.

मग आपल्याच डिस्ट्रोच्या लोकांना विचारा. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे, तरी मिंटचा प्रश्न मिंटकडेच न्या. शीर्षकात वस्तू, आवृत्ती आणि लक्षण असू द्या. 'मदत हवी, अर्जंट' यातून कुणाला काही कळत नाही. एकच प्रश्न एकाच वेळी चार ठिकाणी टाकू नका आणि उपाय सापडला की तो तिथेच लिहा.

गप्पांच्या खोल्यांत (चॅट रूममध्ये) वेळेचं भान हवं. पुण्यात सकाळचे १० म्हणजे अमेरिकेत रात्र आणि युरोपात पहाट. संध्याकाळी ६ नंतर विचारा आणि पाच मिनिटांत निघून जाऊ नका. जुन्या लेखांत फ्रीनोड या चॅट नेटवर्कचा पत्ता दिसेल, पण २०२१ मध्ये बहुतेक प्रकल्प तिथून लिबेरा चॅटवर गेले.

उत्तर माणसाकडून येवो की एआय चॅटबॉटकडून, 'सुडो'ने सुरू होणारी, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालणारी, ओळ समजल्याशिवाय चालवू नये. त्यातही फाइली पुसणारी 'आरएम', डिस्कवर थेट लिहिणारी 'डीडी' किंवा इंटरनेटवरून आणलेली स्क्रिप्ट थेट बॅशला (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला) देणारी ओळ दिसली तर थांबून मॅन पान वाचा. अनोळखी पीपीए, म्हणजे बाहेरच्यांची पॅकेज भांडारं, जोडणंही टाळा, पुढच्या अपग्रेडला तेच आडवे येतात.

समोरासमोर बसून दाखवायचं असेल तर पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप, म्हणजे प्लग. त्यांच्या भेटी पूर्वापार मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या एसआयसीएसआरमध्ये होत आल्या आहेत. निघण्याआधी पुढची तारीख आणि जागा त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. जाताना चार्जर, लाइव्ह पेनड्राइव्ह आणि वर सांगितलेलं टिपण न्या, आणि बॅकअप आदल्या रात्रीच घ्या.

बातम्या

सगळ्यात कामाची बातमी म्हणजे आपल्या आवृत्तीचा सपोर्ट कधी संपतो. उबुंटू दर एप्रिल-ऑक्टोबरला येतं. सम वर्षाच्या एप्रिलमधली एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टची आवृत्ती, पाच वर्षं चालते, बाकीच्या नऊ महिने. घरगुती वापरासाठी पाच मशीनपर्यंत उबुंटू प्रो मोफत आहे, त्याने एलटीएसचे सुरक्षा अपडेट दहा वर्षांपर्यंत लांबतात. मिंट २२ मालिका २०२९ पर्यंत आहे. डेबियन १३ हे ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं, त्याला तीन वर्षं नियमित आणि पुढे दोन वर्षं एलटीएस सपोर्ट आहे. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने. उबुंटूची नऊ महिन्यांची आवृत्ती संपली की तिची पॅकेजेस काही काळाने जुन्या सर्व्हरवर हलवतात आणि 'एपीटी अपडेट' ४०४ दाखवू लागतं. इंटरनेट बिघडलं असं समजून लोक राउटर बदलतात. ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.

दुसरी बातमी सुरक्षेची. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात मुद्दाम पेरलेलं मागचं दार (बॅकडोअर) उघडकीस आलं. दोष ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत होता. डेबियन स्टेबल आणि उबुंटू एलटीएसपर्यंत तो पोचलाच नव्हता. त्या दिवशी 'एक्सझेड --व्हर्जन' पाहिलेल्याला अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर घबराटीचा संदेश आला की हाच क्रम ठेवा: आपल्या डिस्ट्रोची सुरक्षा सूचना वाचा आणि बाधित आवृत्ती आपल्याकडे आहे का ते पाहा.

रोजच्या वाचनासाठी लाइफरिया किंवा अ‍ॅक्रेगेटर हे फीड वाचक टाका आणि मोजकेच स्रोत जोडा: आपल्या डिस्ट्रोच्या घोषणा, ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपचं साप्ताहिक, आणि एलडब्ल्यूएन हे लिनक्सच्या बातम्यांचं संकेतस्थळ. एलडब्ल्यूएनचा साप्ताहिक अंक गुरुवारी निघतो आणि साधारण आठवड्याने वर्गणी न भरलेल्यांनाही खुला होतो. परवडत असेल तर वर्गणी जरूर भरा, इतकं काळजीपूर्वक लिहिणारे थोडे आहेत. फोरॉनिक्स हे बातम्यांचं संकेतस्थळ रोजचं आहे, पण त्यातलं बरंचसं तुमच्या एलटीएसमध्ये यायला महिने लागतात. डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळाची क्रमवारी पानाला आलेल्या भेटी मोजते, वापरणारे मोजत नाही. त्यावरून डिस्ट्रो निवडू नका.

मोठ्या अपग्रेडआधी त्या आवृत्तीच्या सूचनांमधला 'माहीत असलेले दोष' हा भाग वाचा आणि टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी प्रत) घ्या. डेस्कटॉप पीसी असेल तर गुरुवार टाळा. पुण्यात तो महावितरणच्या दुरुस्तीचा वार, आणि पॅकेजेस बसत असताना वीज गेली की ती अर्धवट राहतात. यूपीएस नसताना तसं झालंच तर उबुंटू, मिंट किंवा डेबियनवर मशीन सुरू करून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा, आणि त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. तरीही डेस्कटॉप येत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करा आणि याच दोन आज्ञा तिथून द्या.