मुलाची कार सीट घट्ट कशी बसवावी

सीट मागच्या बाकावर ठेवली, बेल्ट ओढून लावला, बकल खट् वाजलं. पहिल्या वेळी मी एवढ्यावरच हात झटकले होते. नंतर सहज बाजूने ढकलून पाहिलं, तर सीट चांगली वीतभर सरकली. बेल्ट मी भलत्याच खाचेतून नेला होता. कार सीट बसवायची म्हणजे मुख्यतः ढिलाई काढायची, आणि ती दोन जागी लपलेली असते: एक सीट आणि गाडी यांच्यामध्ये, दुसरी मूल आणि सीट यांच्यामध्ये.

हे काम मूल घरात असताना, निवांत अर्धा तास काढून करा. सीटची आणि गाडीची अशा दोन्ही माहितीपुस्तिका जवळ हव्यात. सीटच्या पुस्तिकेत बेल्टचा मार्ग सापडेल, पण गाडीत कुठल्या जागेवर सीट चालते हे गाडीचीच पुस्तिका सांगते.

आधी तोंड कुठल्या दिशेला ते ठरवा. लहान बाळाची सीट उलटी, म्हणजे बाळाची नजर गाडीच्या मागच्या काचेकडे राहील अशी बसते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे पाव भाग असतं आणि मान नाजूक. समोरून धडक बसली की सुलट्या सीटमध्ये डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये तो जोर पाठ, मान आणि डोकं यांवर मिळून पसरतो. ही युक्ती मुळात अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचलेली. स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन यांनी 1964 च्या सुमारास तशी पहिली सीट करून पाहिली. मुलांच्या कार सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर 129 नियमानुसार 15 महिन्यांच्या आत सीट सुलटी करता येत नाही. माझं म्हणणं, 15 महिने झाले म्हणून लगेच फिरवू नका. सीटची वजनाची आणि उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटीच असू द्या. पाय दुमडावे लागतात ही काळजी मोठ्यांनाच असते, मुलं मजेत मांडी घालून बसतात.

जागा मागच्या बाकावरची. पुढच्या सीटची एअरबॅग चालू असेल तर तिथे उलटी सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच, आदळते.

आता बेल्ट. उलट्या आणि सुलट्या बसवणीचे बेल्टचे मार्ग वेगळे असतात. बऱ्याच सीटवर उलट्या मार्गाला निळी आणि सुलट्याला लाल खूण असते. माझी गफलत नेमकी इथेच झाली होती. बेल्ट पीळ न पडता खाचेतून काढा आणि बकल लावा. मग सीटवर हाताने किंवा गुडघ्याने भार द्या, सीट बाकाच्या गादीत दाबलेली असतानाच आधी मांडीवरचा पट्टा ओढून घ्या, आणि त्यातून निघालेली ढील खांद्याच्या पट्ट्याकडून खेचा. सीटला बेल्ट पकडणारी क्लिप असेल तर ती आता लावा. भार काढला की बेल्ट पुन्हा किंचित सैल वाटतो, म्हणून आणखी एकदा दाबा, आणखी एकदा ओढा. गाडीचं बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर वाकून बसलेलं नाही ना, हेही बघा. तसं असेल तर ती जागा त्या सीटसाठी नाही, दुसरी शोधा.

पारख करताना सीट वरच्या टोकाला धरू नका. उलट्या सीटचं ते टोक थोडं हलतंच. बेल्ट जिथून जातो तिथे धरा आणि नेहमीच्या जोराने डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

आयसोफिक्स, म्हणजे सीट बेल्टऐवजी गाडीतल्या कड्यांना थेट अडकवायची सोय, असेल तर बेल्टची कटकट वाचते. बाकाची बैठक आणि पाठ यांच्या फटीत बोटं घातली की दोन लोखंडी कड्या हाताला लागतात. सीटचे दोन्ही हात त्यांवर ढकला. दोन वेळा खट् ऐकू यायला हवं आणि दोन्ही खुणा हिरव्या दिसायला हव्यात. पण इथे थांबू नका. सीट पुढे कलंडू नये म्हणून तिसरा आधार लागतो: टेथर, म्हणजे सीटच्या वरच्या भागातून निघून गाडीतल्या ठरलेल्या जागी अडकणारा पट्टा, किंवा सीटचा गाडीच्या जमिनीवर टेकणारा पाय. टेथर सामान बांधायच्या हुकाला अडकवलेला मी पाहिलाय. त्याची खरी जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. पायाखाली सामानाच्या कप्प्याचं झाकण येत असेल तर तेही पुस्तिकेत बघून घ्या, कारण पोकळ झाकण दबतं. आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही एकदम लावायचे नसतात, पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तरच.

नवजात बाळासाठी सीट पुरेशी मागे कललेली हवी. फार उभी असली की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. कलाची खूण पाहताना गाडी सपाट जागेवर उभी करा.

शेवटी आतले पट्टे. उलट्या सीटमध्ये ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत, सुलट्यात खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. घट्ट केल्यावर खांद्यापाशी पट्टा उभा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली की अजून ढील आहे. जाड स्वेटर घालून बसवलेल्या मुलाच्या बाबतीत चिमटीही फसते. खात्री करायची तर स्वेटरसकट मुलाला घट्ट बांधा, पट्टे सैल न करता बाहेर काढा, स्वेटर उतरवून त्याच पट्ट्यांत परत बसवा. छाती आणि पट्टा यांच्यामध्ये आरामात हात जातो. थंडीत पट्टे आधी लावा, पांघरूण वरून घाला.

अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरू नका, आणि जिचा इतिहास ठाऊक नाही अशी जुनी सीट फुकट मिळाली तरी घेऊ नका. बऱ्याच सीटवर प्लॅस्टिकच्या तळाशी वापराची मुदत छापलेली असते, ती एकदा वाचून ठेवा. गाडी धुवायला किंवा दुरुस्तीला देऊन परत आणली की बेल्टपाशी धरून सीट एकदा हलवायची. कुणीतरी ती काढून नुसतीच ठेवून दिलेली असू शकते.