म्हाताऱ्या झेब्राफिशचं हृदय किती भरून येतं, हे कसं मोजावं

झेब्राफिश या छोट्या माशाच्या व्हेंट्रिकलचा, म्हणजे रक्त पंप करणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचा, सुमारे 20 टक्के भाग कापला तरी तो दोनेक महिन्यांत परत तयार होतो, हे 2002 मध्ये दिसलं. ही क्षमता वयानुसार कमी होते का, हा पीएचडीसाठी उत्तम प्रश्न आहे. पण तरुण-म्हाताऱ्यांतला फरक म्हणून हाती येतं ते बरेचदा जखमेच्या आकारातला फरक असतं.

तरुण गट 6 महिन्यांचा, म्हातारा गट 24 महिन्यांच्या पुढचा घ्या. दोन्ही एकाच वाणाचे, 28 अंशांवर आणि सारख्याच दाटीत वाढवलेले हवेत. दाट टाकीतले मासे खुरटतात. प्रत्येकाची लांबी आणि लिंग नोंदवा. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या. मासे म्हातारे व्हायला दोन वर्षं लागतात, त्यामुळे त्यांची पैदास पहिल्याच महिन्यात सुरू करा.

जखमेसाठी कापण्यापेक्षा क्रायोइंज्युरी, म्हणजे गोठवून केलेली जखम, बरी. तिच्यात मेलेली ऊती जागेवरच राहते आणि व्रण बनतो, म्हणजे हार्ट अटॅकच्या जास्त जवळ. भुलीसाठी ट्रायकेन लिटरला साधारण 160 मिलिग्रॅम, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच 7 वर. बफर विसरलात तर पाणी आम्लधर्मी होतं आणि मासा उगाच मरतो. चीर दिलेल्या ओल्या स्पंजात मासा पोट वर करून ठेवा, छोटा छेद घ्या, चंदेरी हृदयावरण उघडा, पोट हलकेच दाबून व्हेंट्रिकल वर आणा. आता ते टिश्यूने टिपा. ही पायरी सर्वांत जास्त चुकते: ओल राहिली की गोठवणाऱ्या तारेभोवती बर्फ जमतो आणि जखम वेडीवाकडी होते. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेली 0.3 मिलिमीटरची तांब्याची तार व्हेंट्रिकलच्या टोकाला लावा आणि गोठण वितळून ती आपोआप सुटेपर्यंत ओढू नका. टाके लागत नाहीत. मासा स्वच्छ पाण्यात सोडून पिपेटने कल्ल्यांवर पाणी मारत राहा. फक्त छेद घेतलेला, गोठवण न केलेला गटही हवाच.

दोन्ही गटांतल्या काही माशांची हृदयं तिसऱ्या दिवशीच काढा. सुरुवातीची जखम सारखी नसेल, तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. मृत्यूंचीही नोंद ठेवा: मोठ्या जखमेचे म्हातारे मासे आधी मेले, तर उरलेले फसवे चांगले दिसतात.

सातव्या दिवशी हृदयपेशींचं विभाजन मोजा: मेफ2 (हृदयपेशीची खूण असलेलं प्रथिन) आणि पीसीएनए (विभाजनाची खूण असलेलं प्रथिन) दोन्ही चमकत्या प्रतिपिंडांनी दिसणारी केंद्रकं, जखमेच्या कडेपासून ठरावीक अंतरात. व्रणासाठी 30, 60 आणि 90 दिवस. शेवटची दोन्ही हवीत. एकट्या साठाव्या दिवसावरून पुनर्निर्माण मंदावलं की थांबलं, ते कळत नाही. एएफओजी या तिरंगी रंगद्रावणात स्नायू नारिंगी, फायब्रिन लाल, कोलॅजन निळं दिसतं. जखमेचं क्षेत्रफळ हृदयाच्या सगळ्या छेदांवर (स्लाइडवरच्या पातळ कापांवर) मिळून काढा. सोयीचा एकच छेद निवडला की निकाल हवा तसा वळतो. स्लाइडवर वय न लिहिता सांकेतिक क्रमांक टाका. आणि ‘एन’, म्हणजे नमुन्यांची संख्या, माशांची मोजा, छेदांची नव्हे.

म्हाताऱ्या हृदयात लिपोफुसिन हे वयाबरोबर वाढणारं रंगद्रव्य साठतं आणि प्रतिपिंडांच्या खुणांसारखं तेही हिरवं-लाल चमकतं. प्रतिपिंड न लावलेला त्याच वयाचा छेद सोबत ठेवा. चमक तशीच दिसली, तर 70 टक्के इथेनॉलमधला 0.1 टक्के सुदान ब्लॅक, म्हणजे ही चमक झाकणारा काळा रंग, वापरून बघा.