शहरात रोज चालवायला हलकी इलेक्ट्रिक मोटरसायकल: घेण्याआधी हे बघा

कंपनी सांगते त्या रेंजवर, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते त्यावर, जाऊ नका, तो आकडा टेस्टमधला असतो, दर सिग्नलला थांबत आणि मागे कुणाला बसवून काढलेला नसतो. त्यापेक्षा बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर विचारा आणि सरळ गुणाकार करा. समजा 72 व्होल्ट आणि 40 अँपिअर-अवर, तर 72 गुणिले 40 म्हणजे 2880 वॉट-अवर, हलकी गाडी शहरात किलोमीटरला साधारण 30 ते 40 वॉट-अवर खाते, 35 धरले तर 80 किलोमीटरच्या आसपास आले, पण बॅटरी पार शून्यावर कुणी नेत नाही, ती जुनी पण होणार, थंडीत अजून कमी देणार, म्हणून 55-60 च धरा. रोजचं जाऊन-येऊन 30 असेल तर भरपूर झालं की, उगाच मोठ्या बॅटरीचं ओझं कशाला.

ओझं यासाठी म्हणतोय की वरच्या मजल्यावर राहत असाल आणि खाली चार्जिंगची सोय नसेल तर बॅटरी घरी न्यावी लागणार. ती निघते असं सगळेच सांगतात, पण एवढी बॅटरी 15-20 किलोची असते हो! शोरूममध्ये सेल्समनला हात लावू देऊ नका, स्वतः काढा, जिना चढून बघा, हँडल बोटांत रुततं का ते तिथेच कळेल. दोन छोट्या बॅटऱ्यांची गाडी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मोटरची पीक पॉवर काही सेकंदांपुरतीच असते, लांब चढावर कंटिन्युअस पॉवर, म्हणजे मोटर सतत देऊ शकते ती, कामाला येते, तीच विचारा. चाकातली हब मोटर शांत, चेनची कटकट नाही, पण चाक जड होतं त्यामुळे खड्ड्यात दणका जास्त बसतो आणि पंक्चर काढणं पण किचकट. मधे मोटर असलेली गाडी वळवायला छान, फक्त चेन किंवा बेल्टकडे लक्ष द्यायला लागतं. रस्ते खराब असतील तर मी तरी मधलीच घेईन.

काही हलक्या गाड्या ऑफरोड म्हणून विकतात, दिसायला एक नंबर पण रजिस्ट्रेशनच होत नाही, ते आधी विचारा, इंडिकेटर आरसे नंतर लावून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

वॉरंटीत नुसती वर्षं मोजू नका, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बदलून देणार ते लेखी घ्या. आणि टेस्ट राइडला पळवायच्या आधी ट्रॅफिकमध्ये चालतो तशी मुंगीच्या पावलाने चालवा, थ्रॉटल झटका देत असेल तर रोज वैताग येईल.