शिसे तपासायला वस्तीत निघण्याआधी

लहान मुलांच्या रक्तातले शिसे तपासायला वस्तीत जायचे ठरले, की नर्सिंगचे विद्यार्थी आधी लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) आणि हातमोजे मोजायला बसतात. माझ्या मते पहिली तयारी आकडा जास्त आला तर पुढे काय, याची हवी. खात्रीसाठी शिरेतले रक्त कुठे तपासले जाईल, घरी कोण जाईल, आईवडिलांशी कोण बोलेल, हे नावानिशी ठरल्याशिवाय एकाही मुलाचे बोट टोचू नका. नुसता आकडा सांगून आईला काळजीत टाकून निघून येणे ही सेवा नव्हे.

आकडे पाठ असू द्या. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच माहीत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये संदर्भमूल्य, म्हणजे ज्याच्या वरचा आकडा जास्त धरतात ती पातळी, रक्ताच्या दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणले; जागतिक आरोग्य संघटना ५ पासून शिसे कुठून येते ते शोधून थांबवायला सांगते. ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर चिलेशनचा, म्हणजे औषधाने शिसे अंगाबाहेर काढण्याचा, प्रश्न येतो, तो डॉक्टरांकडे. बहुतेक मुलांत लक्षणे दिसत नाहीत, म्हणून मूल हसतेखेळते आहे यावर विसंबू नका.

साबण आणि वाहते पाणी यांची सोय आधी बघा. स्पिरिटच्या बोळ्याने बोटावरचे शिसे निघत नाही, आणि तेच थेंबात उतरून आकडा फुगतो. हात धुतल्यावर मुलाला कशालाही हात लावू देऊ नका, पहिला थेंब पुसून टाका.

खरी मेहनत घरभेटीची. जमिनीवर बसा, मुलाच्या उंचीवरून घर बघा. शिसे असलेल्या जुन्या रंगाची खिडकी उघडताना-लावताना चौकट घासते आणि खालच्या कडेवर पूड साचते. रांगते मूल तिथेच धरून उभे राहते आणि तोच हात तोंडात घालते. गिळलेल्या शिशातले निम्म्यापर्यंत लहान मुलाच्या अंगात शोषले जाते, मोठ्यांत ते बरेच कमी. घरात कोणी बॅटरीचे, सोल्डरिंगचे किंवा रंग खरवडण्याचे काम करते का, कामाचे कपडे कुठे धुतले जातात, हे चौकशीचा सूर न लावता विचारा. कोरडा झाडू नको, ओले फडके वापरा, हे स्वतः करून दाखवा. पाणी उकळून शिसे जात नाही, हेही आवर्जून सांगा. लोह आणि कॅल्शियम कमी पडले की शोषण वाढते, म्हणून आहाराची नोंद घ्या.

फेरतपासणीची तारीख त्याच भेटीत द्या. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांत साठलेले वर्षानुवर्षे रक्तात उतरत राहते. आकडा सावकाश खाली येईल, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा.