अलॉय व्हीलवरचा काळा थर निघत नाही? आधी या चुका टाळा

गाडीची बॉडी साध्या शॅम्पूनं स्वच्छ होते, चाकं मात्र दोनदा धुतली तरी तपकिरी-काळीच. मग माणूस इरेला पेटतो. आधी डिटर्जंट, मग भांड्यांची हिरवी घासणी, शेवटी बाथरूममधलं ॲसिड. चाक कधी कधी स्वच्छ होतंही. पण थोड्याच दिवसांत त्यावर पांढुरके डाग आणि नागमोडी रेघा उठतात, आणि त्या कशानंच जात नाहीत. कायमची डागाळलेली जी चाकं बघायला मिळतात, त्यांतली बरीचशी साफसफाईनंच डागाळलेली असतात.

मळ कसला आहे हे न बघताच घासायला बसणं

सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. चाकावरचा तो काळा थर म्हणजे रस्त्याची धूळ नव्हे. ब्रेकची डिस्क बिडाची असते आणि पॅडमध्ये रेझिन, ग्राफाइट, धातूचे तंतू असं बरंच काही असतं. ब्रेक दाबला की दोन्ही झिजतात आणि लोखंडाचे गरम कण रिमवर उडून तिच्या लॅकरला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, चिकटतात. त्यांना ओल लागली की ते जागच्या जागी गंजतात आणि पकड घट्ट होते. साबणानं तेलकटपणा आणि माती निघते, गंजाचं तो काहीच करू शकत नाही. त्यावर पुन्हा रस्त्यावरचं तेल, डांबराचे शिंतोडे आणि जड पाण्यातले क्षार. एवढ्या थरांवर एकच औषध चालत नाही.

म्हणून चाक आधी शॅम्पूनं धुवा, कोरडं करा आणि हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोटं रिमवरून फिरवा. पिशवीमुळे खरखर नीट जाणवते. सगळीकडे बारीक खरखर लागली तर ते लोखंडाचे कण. उठून दिसणारे काळे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्यावर तपकिरी होऊन पसरले तर ते डांबर. पांढरी कडी दिसली तर पाण्याचे क्षार. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा अर्धा तास वाचतो.

लॅकर आहे की उघडी धातू, हे न तपासणं

बहुतेक अलॉय व्हीलवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांवर, रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकर असतं. काही रिम मात्र नुसत्या पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. ओळखायचं कसं? आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थेंबभर मेटल पॉलिश घेऊन घासा. फडकं काळं पडलं तर धातू उघडी आहे. अशा चाकाला सौम्य शॅम्पू आणि मेटल पॉलिश एवढंच लावावं. दुसरं काही वापरायचंच असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा.

ॲल्युमिनियमची अडचण अशी की त्याला आम्लही खातं आणि अल्कलीही. कॉस्टिक सोडा असलेलं ओव्हन क्लीनर किंवा कडक डिग्रीजर उघड्या ॲल्युमिनियमवर पडलं की बुडबुडे येतात आणि धातू काळवंडते. लॅकर शाबूत असेपर्यंत निभावतं, पण खडा लागून कुठं टवका उडालेला असेल तर रसायन तिथून आत शिरतं. फरशीच्या ॲसिडची तर नुसती वाफही डिस्क आणि नटांवर गंज आणायला पुरेशी असते.

‘झटपट व्हील क्लीनर’ म्हणून मिळणाऱ्या काही कडक द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. लेबलवर यातलं कुठलंही नाव दिसलं तर बाटली परत ठेवा. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत जातं, पातळ असेल तर दुखायला उशिरा लागतं आणि ते शरीरातल्या कॅल्शियमवर घाला घालतं. घरच्या अंगणात वापरायची ही वस्तू नाही. आणि ॲसिडनं झालं नाही म्हणून त्यावर ब्लीच ओतणं तर नकोच नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

तापलेल्या चाकावर पाणी मारणं

गाडी चालवून आल्या आल्या चाकं धुवायला घेणं सोयीचं वाटतं. पण डिस्क तेव्हा प्रचंड तापलेली असते, पाणी वाफ होऊन जातं आणि औषध चाकावरच सुकतं. सुकलेल्या औषधाचे डाग मूळ मळापेक्षा चिवट असतात. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडणंही चांगलं नाही. रिम आणि डिस्क दोन्ही निवेपर्यंत थांबा, गाडी सावलीत घ्या आणि एका वेळी एकच चाक हाती घ्या.

आयर्न रिमूव्हर चुकीच्या पद्धतीनं वापरणं

लोखंडाच्या कणांवर खरा उपाय हाच. बहुतेकांमध्ये थायोग्लायकोलेट असतं. केस कुरळे करायच्या लोशनमध्येही याच कुळातलं रसायन असतं, म्हणून तो उग्र, सडक्या अंड्यांच्या वळणाचा वास. फवारल्यावर मिनिटभरात पांढऱ्या-करड्या रिमवर जांभळे ठिपके उमटतात, मग ते ओघळायला लागतात. रसायन लोखंडाशी जोडलं जातंय याची ती खूण. बघायला मजा येते हे खरं, पण त्या मजेच्या नादात चुका होतात.

पहिली म्हणजे मातीनं माखलेल्या चाकावर तसंच फवारणं. औषध मातीत मुरतं, लोखंडापर्यंत पोचतच नाही. दुसरी, चाकावरून पाणी निथळत असताना फवारणं. औषध पातळ होऊन वाहून जातं. तिसरी, फवारून चहा प्यायला जाणं. लेबलवर दिलेल्या वेळेपेक्षा, म्हणजे साधारण तीन ते पाच मिनिटांपेक्षा, जास्त ठेवू नका आणि सुकू तर अजिबात देऊ नका. मधेच मऊ ब्रशनं हलकेच फिरवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. डिस्कवर उडालेलं औषधही जांभळं होतं, कारण तीही लोखंडाचीच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तेही धुऊन टाका. हातमोजे आणि चष्मा हवाच.

दुसऱ्यांदा फवारल्यावरही जांभळं होत असेल तर लोखंड अजून शिल्लक आहे, पुन्हा करा. थर काळाच आहे पण जांभळं काही होत नाही? मग तो लोखंडाचा नाही. आयर्न रिमूव्हरची अख्खी बाटली संपवलीत तरी डांबर हलणार नाही. त्याला टार रिमूव्हरच लागतो. तो फडक्यावर घेऊन ठिपक्यावर धरून ठेवा, विरघळला की पुसा आणि नंतर शॅम्पूनं धुवा. एवढं करूनही खरखर उरलीच तर क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. तो भरपूर साबणाच्या पाण्यावरच फिरवायचा. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, त्यात वाळू बसलेली असते.

जोर लावणं

तारेची घासणी, स्टील वूल, हिरवी घासणी, सगळ्यांनी लॅकरवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळचा मळ त्याच ओरखड्यांत बसतो. पांढरा मेलामाइन स्पंज मऊ लागतो खरा, पण तोही बारीक पॉलिश पेपरचंच काम करतो. रिमच्या आत घालायचा लांब ब्रश घेताना त्याचा तारेचा दांडा उघडा नाही ना हे बघून घ्या. चाकांचं फडकं आणि बादली वेगळी ठेवा. त्याच फडक्यानं बोनेट पुसलंत तर लोखंडाचा चुरा रंगावर फिरेल.

प्रेशर वॉशरची तोटी टायरच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हवर जवळून धरू नका. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही त्यानं उडतात. चाकं धुतल्यावर वेगात स्टेअरिंग थरथरायला लागलं तर पहिला संशय याच वजनांवर घ्या. आत चिखलाचा गोळा राहिला असेल तरी तसंच होतं.

धुऊन गाडी तशीच लावून ठेवणं

ओल्या डिस्कवर काही तासांत नारिंगी गंज येतो. तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, पण हँडब्रेक ओढून गाडी ओलीच बरेच दिवस उभी राहिली तर पॅड किंवा ड्रम ब्रेकचे लायनर चिकटू शकतात. धुतल्यावर मोकळ्या जागी हळू चालवत ब्रेक काही वेळा दाबून कोरडे करा. पहिला ब्रेक जरा कमी लागतो, हे ध्यानात ठेवा. आणि टायर शाइन किंवा वॅक्सचा फवारा डिस्कवर जाऊ देऊ नका.

मळ काहीतरी सांगत असताना तो नुसता पुसून टाकणं

पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी असणारच. ब्रेक दाबला की भार पुढे येतो. मागे ड्रम ब्रेक असतील तर तिथली भुकटी ड्रमच्या आतच राहते. पण पुढच्या दोन चाकांपैकी एकच सारखं जास्त काळं होत असेल, फेरीनंतर तेच जास्त तापत असेल, तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकत असण्याची शक्यता आहे. रिमच्या आत ग्रीसचे फटकारे दिसले तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, रबरी बूट फाटलेला असू शकतो. ओला, बुळबुळीत ओघळ असेल तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग धुणं राहू द्या, गाडी चालवूही नका, मेकॅनिकला बोलवा.

लॅकरच्या खाली शिरलेल्या त्या पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे ॲल्युमिनियमला लागलेला गंज. वरून काहीही लावून तो जात नाही. लॅकर काढून रिम पुन्हा रंगवून घ्यावी लागते. डायमंड कट, म्हणजे लेथवर कापून चकचकीत केलेली, रिम असेल तर लेथवर धातूचा एक थर उतरवावा लागतो, म्हणून ते काम मोजक्याच वेळा करता येतं.

चाकं एकदा नीट स्वच्छ झाली की त्याच दिवशी, कोरडी असतानाच, व्हील सीलंट लावून टाका. बॉडीचं वॅक्स चाकाच्या उष्णतेपुढे फार टिकत नाही. आणि पुढच्या वेळी पॅड बदलायचे असतील तेव्हा तुमच्या गाडीला सिरॅमिक पॅड बसतात का ते विचारून बघा. त्यांची भुकटी सहसा कमी आणि फिकट असते.